खाजगी मालकाकडून घेतलेली जुनी गाडी खराब निघाली, आता काय करायचं?

सेकंड हँड गाडी घेतली, आठवडाभर मस्त चालली, मग एका दुपारी सोलापुरात होटगी रोडला टेंपरेचरचा काटा वर गेला आणि मेस्त्री म्हणाला "हेड गॅस्केट गेलंय, आधी पण एकदा उघडलेलं दिसतंय". (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील.) विकणारा फोन उचलत नाही. अशा वेळी आजूबाजूचे सगळे दोनच सल्ले देतात, एक म्हणजे ग्राहक मंचात केस टाक आणि दुसरा पोलिसात दे. खाजगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला पहिला सल्ला बहुतेक वेळा लागूच होत नाही, दुसरा कधीतरी होतो, आणि जे खरं हातात असतं ते कोणी सांगत नाही. म्हणून पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्यांसाठी हे सगळं एका ठिकाणी लिहितोय.

मुद्दा असा आहे की जुनी गाडी बिघडली एवढ्यावर कायदा तुम्हाला पैसे परत देत नाही. विकणारा खोटं बोलला किंवा माहीत असून लपवलं, आणि ते तुम्हाला दाखवता येतंय, तर देतो. सव्वा लाख किलोमीटर पळालेल्या गाडीचा क्लच उद्या जाणार की सहा महिन्यांनी, हे विकणाऱ्याला पण माहीत नसतं, ते त्याच्या गळ्यात घालता येत नाही. पण किलोमीटर कमी दिसावेत म्हणून मीटर मागे घेतलं असेल, ठोकून टोटल लॉस (विमा कंपनीने दुरुस्तीच्या पलीकडची ठरवलेली) झालेली गाडी "एक ओरखडा नाही मालक" म्हणून दिली असेल, बँकेचा बोजा असताना "कागद एकदम क्लिअर" सांगितलं असेल तर विषय वेगळा. त्यामुळे खाली प्रत्येक पायरीला एकच प्रश्न परत येणार, त्याने काय सांगितलं होतं आणि तुमच्याकडे त्याचं काय आहे.

पायरी १: गाडी उघडू नका, आधी पुरावा

डोकं तापलं की माणूस गाडी सरळ गॅरेजला टाकतो आणि काम काढतो. थांबा. इंजिन खोललं, नवीन पार्ट बसले, जुने भंगारात गेले, मग आधी काय होतं हे सांगणार कोण? विकणारा म्हणणार माझ्याकडनं नेली तेव्हा ठणठणीत होती, यांनीच वाट लावली.

पहिलं काम मोबाईलवर. ज्या जाहिरातीवरून गाडी बघितली ती अजून असेल तर लगेच स्क्रीनशॉट काढा, विकणारे गाडी गेली की जाहिरात काढून टाकतात. त्यात "फर्स्ट ओनर, ६० हजार रनिंग, नो अॅक्सिडेंट" असलं काही लिहिलेलं असतं ना, तेच तुमचं भांडवल. व्हॉट्सअॅपचं चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, व्हॉइस मेसेज पण, आणि तो मोबाईल विकू नका, फॉरमॅट मारू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि मूळ फोन असेल तर काम सोपं होतं. यूपीआय किंवा बँकेची एंट्री, इसाराची पावती, करारनामा, नाव ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० च्या झेरॉक्स, सगळं एका फाईलला लावा.

दुसरं काम गाडीवर. मेस्त्री असा बघा जो ना तुमचा ना विकणाऱ्याचा, शक्यतो कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर, आणि त्यांच्याकडून लेखी रिपोर्ट घ्या. लेटरहेड किंवा जॉब कार्डवर तारीख, गाडी नंबर, चेसी नंबर, मीटर रीडिंग आणि नेमका दोष. तोंडी "लई बेकार गाडी हाय" ह्याचा कोर्टात काही उपयोग नाही. रिपोर्टमध्ये जे एक वाक्य सगळ्यात जास्त कामाला येतं ते म्हणजे हा दोष किती जुना असावा. "हेडच्या बोल्टवर आधी खोलल्याच्या खुणा, गॅस्केट पेस्ट लावलेली, दुरुस्ती ताजी नाही" एवढं जरी लिहून मिळालं तरी विकणाऱ्याला "मला माहीतच नव्हतं" म्हणणं जड जातं.

सर्व्हिस हिस्ट्री विसरू नका. अधिकृत सेंटरला प्रत्येक वेळी गाडी आली की मीटर रीडिंग टाकलेलं असतं. तुमच्या मीटरवर ६२ हजार आणि तीन वर्षांपूर्वीच्या जॉब कार्डवर ९८ हजार असं निघालं तर यापेक्षा मोठा पुरावा शोधूनही मिळायचा नाही. आरसी तुमच्या नावावर असेल तर माहिती मिळायला सोपं जातं, नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, पुढे कोर्टामार्फत पण ते रेकॉर्ड मागवता येतं.

पाण्यात गेलेल्या गाडीचं जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडे तो प्रकार आता जास्त बघायला लागणार, २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळा ह्या पट्ट्यात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. अशा गाड्या आतून धुऊन, सीट कव्हर नवीन टाकून, अत्तराची बाटली लटकवून बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, पार टोकापर्यंत, जिथवर तो रोज कधीच ओढला जात नाही. तिथे मातीचा डाग किंवा आडवी रेघ दिसली तर पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं. सीटखालचे रूळ, स्टेपनीच्या खड्ड्याचे कोपरे, डॅशबोर्डखालचे वायरिंगचे कनेक्टर हिरवट पडलेत का, हे टॉर्च मारून बघा आणि प्रत्येकाचा फोटो, एकात तरी गाडीची नंबर प्लेट दिसेल असा व्हिडिओ.

गाडीशिवाय धंदा अडतोय, दुरुस्त करावीच लागणार असं असेल तर करा, पण आधी विकणाऱ्याला मेसेज टाका की अमुक तारखेला अमुक गॅरेजला गाडी खोलणार आहे, येऊन बघायचं असेल तर बघा. आला नाही तर त्याची मर्जी. जुने पार्ट पोत्यात भरून घरी ठेवा, बिल जीएसटीचं पक्कं घ्या.

आणि हे सगळं होईपर्यंत गप्प बसू नका. दोष कळला की लगेच लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवर चालेल. माल विक्री कायदा १९३०, कलम ४२ असं म्हणतं की माल वाजवी मुदतीपलीकडे स्वतःकडे ठेवला आणि नाकारतोय असं कळवलं नाही तर तुम्ही तो स्वीकारला असं धरलं जातं. मग गाडी परत करण्याचा मुद्दा पडतो आणि फक्त नुकसानभरपाई मागता येते. चार महिने गाडी फिरवून मग "मला परत करायचीय" म्हणणाऱ्याचं कोर्टात अवघड होतं ते ह्यामुळे.

पायरी २: विकणारा खरंच खाजगी आहे का ते तपासा

ही पायरी बरेच जण गाळतात आणि तिथेच केस बदलत असते. जाहिरातीत "ओनर सेल" लिहिलेलं, माणूस म्हणतो "मित्राची गाडी हाय, तो पुण्याला गेलाय, मी फक्त बघतोय", आरसीवर तिसऱ्याचंच नाव, पैसे चौथ्याच्या खात्यावर. त्याच नंबरवर अजून सात गाड्यांच्या जाहिराती दिसल्या तर तो मालक नाही, तो धंदेवाला आहे. त्या जाहिरातींचे पण स्क्रीनशॉट काढा.

फरक काय पडतो? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा माल विकण्याचा किंवा सेवा देण्याचा धंदा करणाऱ्याविरुद्ध आहे. घरची एक गाडी विकणारा शिक्षक किंवा बँकवाला त्यात बसत नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात (लोक अजून "मंच"च म्हणतात) गेलात तर बहुतेक "दिवाणी कोर्टात जा" असं सांगून तक्रार परत येईल. पण विकणारा डीलर, कमिशनवर गाड्या फिरवणारा किंवा जुन्या गाड्यांची कंपनी निघाली तर आयोगाचं दार उघडं आहे. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओकडून अधिकृत डीलर म्हणून सर्टिफिकेट घ्यावं लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की फॉर्म २९ सी ने ऑनलाइन कळवावं लागतं. तुमच्या माणसाने हे केलंय का एवढं विचारून बघा, निम्मे लोक तिथेच बोलणीला बसतात.

आयोगाचं थोडक्यात: सोलापूरला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे, गाडीची दिलेली किंमत ५० लाखापर्यंत असेल तर तिथेच, ५ लाखापर्यंत फी शून्य, ५ ते १० लाखाला २०० रुपये. मुदत दोन वर्षं. गाडी पुण्याच्या डीलरकडून घेतली असली तरी तुम्ही सोलापुरात राहता म्हणून केस सोलापुरात टाकता येते, हा २०१९ च्या कायद्याचा सगळ्यात मोठा फायदा. वकील लावलाच पाहिजे असं नाही, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन पण होतं. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन करून तक्रार नोंदवा, कधी कधी कंपनीवाले तेवढ्यावरच हलतात. गाडी टॅक्सीला लावायला घेतली असेल तरी, स्वतः चालवून पोट भरायला घेतलीय असं असेल तर तुम्ही ग्राहकच ठरता.

पायरी ३: खाजगी माणसाविरुद्ध तुमचा हक्क नेमका कशावर उभा राहतो

आपल्याकडे अकलूजला घोडेबाजार भरतो, तिथे जनावर घेणारा दात बघतो, चालवून बघतो, पाय दाबून बघतो, कारण विकणारा आपणहून ऐब सांगणार नाही हे त्याला माहीत असतं. आता गंमत बघा, भारतीय करार कायदा १८७२ मध्ये फसवणुकीच्या कलम १७ खाली जी उदाहरणं दिलीत त्यातली बहुतेक पण घोड्याचीच आहेत. घोडा आजारी आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, तो काहीच बोलत नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी समजतो" आणि विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणं म्हणजे बोलणंच.

गाडीला हे जसंच्या तसं लागू होतं. तुम्ही विचारलंच नाही आणि तो बोलला नाही, तर हात रिकामे. तुम्ही व्हॉट्सअॅपवर विचारलं "दादा गाडी ठोकलेली वगैरे नाही ना, मी त्या भरवशावर घेतोय" आणि त्याने होकाराचा अंगठा (👍) टाकला, तर तुमची बाजू एकदम भक्कम. आणि मीटर मागे घेणं, गंजलेल्या चेसीवर रंग मारून झाकणं, हे नुसतं गप्प बसणं नाही, ही सक्रिय लपवाछपवी, कलम १७ मध्ये सरळ फसवणूक. अशा वेळी कलम १९ प्रमाणे करार रद्द करता येतो, म्हणजे गाडी परत, पैसे परत, वर नुकसानभरपाई. एक मेख आहे. त्याने चुकीचं सांगितलं पण मुद्दाम नाही, किंवा नुसतं गप्प राहून फसवलं, आणि तुम्ही साधी चौकशी केली असती तर कळलं असतं, तर करार रद्द होत नाही. "२०१८ मॉडेल" म्हणाला आणि आरसीवर उत्पादन २०१६ छापलेलं, आरसी तुमच्या हातात होती, तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार की वाचली का नाही.

माल विक्री कायद्याचं पण समजून घ्या. मालाची क्वालिटी चांगली असेल ही कायद्याने धरलेली हमी (कलम १६) मुख्यतः धंदेवाल्याला लागू होते, खाजगी माणसाला नाही. पण दोन गोष्टी खाजगी माणसाला पण चुकत नाहीत. कलम १४, म्हणजे गाडी विकायचा हक्क त्याला होता आणि तिच्यावर कोणाचा बोजा नव्हता, ही हमी न लिहिताही असते. आणि कलम १५, वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच पाहिजे. गाडी चोरीची निघून पोलिसांनी उचलली किंवा फायनान्सवाले ओढून घेऊन गेले, तर पूर्ण पैसे विकणाऱ्याकडून मागायचा तुमचा हक्क आहे, तो फसवत होता की नव्हता हे सिद्ध करायची पण गरज नाही.

करारनाम्यात "गाडी आहे त्या स्थितीत घेतली, पुढे तक्रार चालणार नाही" अशी ओळ असते, छापील फॉर्मवर असतेच. ती बघून घाबरू नका. साध्या बिघाडाला ती त्याला वाचवते, फसवणुकीला नाही.

पायरी ४: आधी माणूस म्हणून बोला, मग नोटीस

सरळ सांगतो, दुरुस्तीचा खर्च २५-३० हजाराच्या आत असेल तर कोर्टाच्या पायऱ्या परवडत नाहीत, वकिलाची फी आणि बुडालेले दिवस मिळून तेवढेच जातात. अशा वेळी ओळखीचा एखादा मधला माणूस घालून निम्मं निम्मं करा. शिवीगाळ, धमकी, त्याच्या दारात जाऊन तमाशा, हे चुकून पण नको, उलट तोच तुमच्याविरुद्ध पोलिसात जाईल आणि तुमची चांगली केस खराब होईल.

बोलणी फिसकटली की वकिलामार्फत नोटीस. स्वतः पण पाठवता येते, पण वकिलाच्या लेटरहेडचं वजन वेगळं. स्पीड पोस्टने डिलिव्हरीच्या पुराव्यासह पाठवा (रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच मिसळलंय) आणि तीच पीडीएफ व्हॉट्सअॅपला पण टाका, म्हणजे "मिळालीच नाही" म्हणायला जागा नको. मजकूर साधारण असा:

"आपण दिनांक अमुक रोजी मला वाहन क्र. एमएच-१३ अमुक हे रु. अमुक इतक्या रकमेस विकले. विक्रीपूर्वी आपण जाहिरातीत व दिनांक अमुकच्या व्हॉट्सअॅप संदेशात सदर वाहन अपघातग्रस्त नसल्याचे व ६२,००० कि.मी. चालल्याचे सांगितले व त्यावर विसंबून मी व्यवहार केला. दिनांक अमुकच्या तपासणी अहवालानुसार ही दोन्ही विधाने खोटी असल्याचे दिसून आले आहे. तरी ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत वाहन परत घेऊन संपूर्ण रक्कम अदा करावी, अन्यथा दुरुस्ती व मूल्यघटीपोटी रु. अमुक द्यावेत. तसे न केल्यास दिवाणी व फौजदारी कारवाई करण्यात येईल व खर्चाची जबाबदारी आपली राहील."

बघा, यात "तुम्ही मला फसवलं, देव बघून घेईल" असलं काही नाही. तारीख, वाक्य, कागद. मागणी पण आवाक्यातली ठेवा, ४० हजाराच्या कामाला मानसिक त्रासाचे ५ लाख मागितले की समोरचा आणि पुढे जज, दोघं पण तुम्हाला हलक्यात घेतात.

पायरी ५: पोलीस स्टेशन

इथे बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. ठाण्यात गेलं की ऐकायला मिळतं "हे दिवाणी स्वरूपाचं आहे, कोर्टात जा". दर वेळी ते टाळाटाळ करतात असं नाही. सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलंय की नुसता करार मोडला म्हणजे फसवणुकीचा गुन्हा होत नाही, सुरुवातीपासून फसवायचा इरादा दिसला पाहिजे. गाडी ऑइल खाते म्हणून गेलात तर परत पाठवणारच. पण खोटी आरसी, बदललेला चेसी नंबर, बँकेची खोटी एनओसी, मागे घेतलेलं मीटर, एकच गाडी दोघांना विकणं, हे असेल तर ठामपणे अर्ज द्या.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं, उपकलम ४ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा (लोक अजून "चारशे वीस"च म्हणतात, पण १ जुलै २०२४ पासूनच्या व्यवहाराला नवीन कलम). शहरात व्यवहार झाला असेल तर पोलीस आयुक्तालयाखालचं त्या भागातलं ठाणं, म्हणजे विजापूर नाका, सदर बझार, जोडभावी पेठ जे असेल ते, आणि बार्शी-पंढरपूर बाजूला झाला असेल तर सोलापूर ग्रामीण. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा) मागा. अर्ज दोन प्रतीत न्या, एकीवर शिक्का मारून पोच घ्या, पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. गुन्हा घेतलाच नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनं सीआरपीसी) कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांकडे लेखी, ग्रामीणला एसपींकडे आणि शहरात आयुक्तालयात, आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज.

एक लक्षात ठेवा, एफआयआर झाला म्हणजे पैसे आले असं नाही. दबाव येतो, तडजोड लवकर होते, पण पैसे परत करण्याचा हुकूम मिळवायची जागा दिवाणी कोर्ट.

पायरी ६: दिवाणी दावा आणि त्याआधी लोकअदालत

दाव्याची मुदत तीन वर्षं, आणि फसवणूक असेल तर ती फसवणूक कळल्या दिवसापासून मोजतात. दावा विकणारा राहतो तिथे किंवा व्यवहार जिथे झाला तिथे. म्हणजे लातूरच्या माणसाने गाडी सोलापुरात आणून दिली, पैसे इथे घेतले, तर सोलापुरात टाकता येतो. तुम्ही लातूरला जाऊन घेऊन आलात तर बहुतेक लातूरच्या चकरा. कोर्ट फी रकमेच्या हिशोबाने आधी भरावी लागते आणि निकालाला वर्षं जातात, हे आधीच गृहीत धरा.

म्हणून मी म्हणेन आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, जिल्हा कोर्टात त्यांचं ऑफिस असतं, तालुक्याला तालुका समिती. दाव्याच्या आधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, समोरच्याला नोटीस जाते, फी नाही. कोर्टाचं पाकीट घरी आलं की फोन न उचलणारे पण येऊन बसतात, असा अनुभव आहे. तिथे तडजोड झाली की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, अपील नाही, पैसे नाही दिले तर वसुलीला लावता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग यांना वकील पण फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना उत्पन्न मर्यादेत असेल तर. हेल्पलाइन १५१००.

मधल्या काळात गाडीचं आणि कागदाचं काय?

भांडण चालू आहे म्हणून नाव ट्रान्सफर लटकवून गाडी फिरवत बसू नका. घेणाऱ्याला ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ ने कळवायचं असतं. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज करा, थर्ड पार्टी आपोआप चालू राहते पण स्वतःच्या गाडीचा क्लेम पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असेल तर नाकारला जातो. दोनच रस्ते धरा. गाडी ठेवून भरपाई मागायची असेल तर नावावर करून घ्या आणि वापरा. परत करायची असेल तर गाडी उभी करा, किल्ली बाजूला ठेवा, विकणाऱ्याला कळवा की मी गाडी परत द्यायला तयार आहे. रोज कामाला पण न्यायची आणि करार रद्द पण म्हणायचं, हे दोन्ही एकदम चालत नाही.

कर्नाटकातलं विजापूर-गुलबर्गा जवळ असल्यामुळे केए-२८, केए-३२ च्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात मिळतात. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, कारण महाराष्ट्रात परत टॅक्स भरून सोलापूरचा एमएच-१३ चा नंबर घ्यावा लागतो आणि एनओसी अडकली की गाडी दारात शोभेला. आणि मयत माणसाची गाडी मुलगा विकत असेल तर आधी फॉर्म ३१ ने ती वारसाच्या नावावर होऊ द्या, नंतर बाकीचे वारस उभे राहतात.

अजून घेतली नसेल तर

वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून बोजा, ब्लॅकलिस्ट, इन्शुरन्स बघा, ई-चलन वेगळं बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, तेव्हा गाडी दुपारी एसी लावून तासभर चालवा, सकाळी सातला सगळ्याच गाड्यांचं कूलिंग चांगलं असतं. २ लाख किंवा जास्त रोख घेणं इन्कम टॅक्सला चालत नाही, दंड घेणाऱ्यावर बसतो, हे विकणाऱ्याला सांगा, बँकेतून द्या आणि ते पण ज्याच्या नावावर आरसी आहे त्याच्याच खात्यावर.

आणि ५०० च्या स्टॅम्पवर करारनामा करताना छापील मजकुराखाली हाताने एवढं लिहून त्याची सही घ्या: "सदर वाहनाचा मोठा अपघात झालेला नाही, ते पाण्यात बुडालेले नाही, मीटरमध्ये फेरफार केलेला नाही, इंजिन खोललेले नाही, कोणाचाही बोजा किंवा थकीत चलन नाही, व हे खोटे निघाल्यास मी वाहन परत घेऊन पूर्ण रक्कम देईन." खरं बोलणारा माणूस अर्ध्या मिनिटात सही करतो. जो म्हणतो "एवढं कशाला ओ मालक, आपला शब्द हाय की", त्याला इसार देऊ नका, चहा पिऊन या.